चूक आणि चौक

‘चूक कुणाची?’ हा अपघातानंतरचा पहिला प्रश्न. जखमीला पाणी मिळण्याआधी गर्दीतून उत्तरही मिळते : मोठ्या गाडीवाल्याची! न्यायालयाला मात्र इतके झटपट मोकळे होता येत नाही. त्याला चुकीची वाटणी करावी लागते आणि तीही टक्क्यांत.

ही वाटणी मी घरातच पाहिली. मामा-मामी स्कूटरवरून जात असता एका चौरस्त्यावर उजवीकडून टेंपो आला आणि टक्कर झाली. मामांचा पाय मोडला, मामीचा हात. न्यायाधिकरणाने टेंपोचालकाची चूक 70 टक्के धरली, मामांची 30. त्यामुळे मामांची भरपाई 30 टक्क्यांनी घटली. मामीला मात्र पूर्ण मिळाली. मामी म्हणाली, “अहो, तुमच्या चुकीत माझा वाटा नाही, हे कोर्टानंच लिहून दिलं बघा!”

पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. आपल्या दुखापतीला आपलाच निष्काळजीपणा अंशतः कारण असेल, तर तेवढी भरपाई कमी होते. मागे बसलेल्या मामीने काहीच केले नव्हते. तिच्या दृष्टीने तो दोन चालकांचा संयुक्त निष्काळजीपणा. अशा वेळी पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद 2008 साली स्पष्ट केला आहे.

येथवर कायदा मला न्याय्य वाटला. पण मामांचे 30 टक्के आले कोठून? सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी वाट द्यावी; मुख्य रस्ता ठरलेला नसेल, तर उजव्या हाताने येणाऱ्याला, असा नियम. मामा म्हणत, माझा रस्ता मुख्य. टेंपोवाला म्हणे, मी उजवीकडचा. दोघेही नियमानेच बोलत होते! कोणता रस्ता मुख्य हे सांगायचे पाटीने, आणि पाटी तेथे नव्हतीच. आपल्या सीमाभागात पाटी कोणत्या भाषेत असावी यावर पिढ्या भांडल्या. ‘थांबा’ सांगणारा लाल अष्टकोन मराठी-कन्नड दोघांनाही सारखाच कळतो. नेमका तोच कुणी बसवला नव्हता.

मग रस्ता सांभाळणाऱ्यांचे टक्के किती? शून्य. त्यांना कुणी प्रतिवादीच केले नव्हते. तसा दावा सोपाही नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातले घंटाघर कोसळून माणसे गेली, तेव्हा 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. राजकोटला पायी जाणाऱ्यावर झाड पडून तो दगावला, तेव्हा 1997 साली तेथील महापालिका सुटली.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरल्या मानकांप्रमाणे न झाल्याने कुणी मेला वा अपंग झाला, तर संबंधित यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. मात्र तो सरकारी निधीत जातो. ज्याचा पाय मोडला त्याच्या हाती पडत नाही.

तरी याच कलमात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. रस्त्याचा दोष यंत्रणेला आधी ठाऊक होता का, हे न्यायालयाने पाहायचे असते. म्हणून मित्रहो, कॉलेजच्या वाटेवर बिनपाटीचा चौक असेल, तर एक अर्ज लिहा आणि त्याची तारखेसह पोच घ्या. अर्जाने पाटी लागेलच असे नाही. पण उद्या ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणायला कुणाला जागा राहणार नाही.