पॅनल म्हणजे काय रे भाऊ? – शाळेसाठी टीव्ही निवडताना



गेल्या दोन-तीन महिन्यांत मला पालकांकडून अभ्यासापेक्षा टीव्हीबद्दल जास्त फोन आले. "मॅडम, तुम्ही शाळेला टीव्ही घेतला म्हणे, आमचाही गेलाय, कोणता घेऊ?" दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढावं म्हटलं. दुकानात गेलं की एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, फोर-के अशी अक्षरांची सरबत्ती सुरू होते आणि आपण मान डोलवत राहतो. खरं तर आठवीपर्यंतचं विज्ञान ज्याला येतं त्याला यातलं बहुतेक सगळं कळू शकतं.

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पट एकोणीस. २०१७ साली गावाने लोकवर्गणी काढून ३२ इंची टीव्ही दिला होता. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्या मुलांना आम्ही लांब लांब बसवून याच टीव्हीवर ती दाखवली. म्हणजे आमच्यासाठी ती निव्वळ वस्तू नव्हती. दिवाळीनंतर एका दुपारी चौथीतला एक मुलगा बाक सरकवत होता, बाकाचा कोपरा स्क्रीनला लागला. काच वरून फारशी फुटली नाही, पण आत काळा-जांभळा डाग पसरला आणि त्यातून उभ्या रेघा निघाल्या. पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, आत शाई सांडली का?"

तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली, पदराच्या गाठीला पाचशेची नोट. बाक सरकवायला मुलांना आम्हीच सांगतो, रोजचं काम आहे ते. शाळा व्यवस्थापन समितीने एकमुखाने ठरवलं की त्या घरातून एक रुपया घ्यायचा नाही. ताईंना नोट परत केली. पण पोराच्या चेहऱ्यावरचं ओझं काही नोटेबरोबर परत गेलं नाही, हे माझ्या लक्षात होतं.

तालुक्याहून टीव्ही दुरुस्त करणारे दादा आले. त्यांनी सांगितलं की पॅनल गेलं म्हणजे टीव्ही गेला, कारण नवीन पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी होते. तुमच्या घरी टीव्ही बिघडला तर आधी हे तपासा. आवाज येतोय, पण स्क्रीन काळी आहे? मग अंधारात स्क्रीनला तिरका टॉर्च लावून बघा. अंधुक हलतं चित्र दिसलं तर पॅनल शाबूत आहे, फक्त मागची दिव्यांची पट्टी गेली आहे. ती बदलून मिळते आणि खर्चही बेताचा असतो. नवीन घ्यायची घाई करू नका. आमच्याकडे मात्र उलटं होतं, दिवे ठणठणीत आणि काच गेलेली.

मी दादांना विनंती केली की मुलांसमोर उघडा. त्यांनी प्लग काढून, जरा वेळ थांबून, मागचं झाकण काढलं. (हे घरी स्वतः करू नका, आत विजेचा साठा उरतो.) मुलांना वाटलं होतं आत काहीतरी जादूचं असेल. निघालं काय, तर ओळीने लावलेले बारके पांढरे दिवे, त्यावर दुधी रंगाच्या पातळ शीट आणि सगळ्यात पुढे पॅनलची काच. बास. म्हणजे ज्याला आपण ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो तो असतो एलसीडीच. फक्त त्याच्या पाठीमागचा उजेड एलईडीचा. पूर्वीच्या एलसीडीत त्या जागी बारीक ट्यूब असायच्या आणि त्यांत थोडा पारा असे.

आता ती ‘शाई’. दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. द्रवासारखा वाहतो, पण त्यातले रेणू स्फटिकासारखे शिस्तीत उभे राहू शकतात. १८८८ मध्ये प्रागमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरापासून काढलेल्या एका पदार्थाचे चक्क दोन ‘वितळणबिंदू’ सापडले. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. गाजरातून टीव्ही निघाला हे वर्गात सांगितलं तर मुलं विसरत नाहीत, करून बघा. आपल्याकडेही या विषयात मोठं काम झालं आहे. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.

या थराच्या दोन्ही बाजूंना ध्रुवक असतात, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चाळण्या. पुढची चाळणी मागचीच्या आडवी लावलेली, त्यामुळे एरवी प्रकाश अडतो. द्रवस्फटिकांनी प्रकाशाची दिशा वळवली की तो बाहेर येतो. किती वळवायची हे विजेचा दाब ठरवतो. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या बसवल्या की चित्र तयार. घरी एखादा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो कॅल्क्युलेटरसमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आकडे आणि पाटी सगळं काळं होईल. सहावी-सातवीची मुलं यावर तासभर बोलतात.

आणि इथेच पॅनलचे प्रकार येतात, जे दुकानात कुणी सांगत नाही. मुख्य दोन आहेत, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमध्ये विजेचा दाब नसताना रेणू काचेवर काटकोनात उभे असतात, शेतात ज्वारीची ताटं उभी असावीत तसे. उजेड चांगला अडतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. दाब दिला की ते झुकतात. पण झुकलेलं ताट समोरून एक दिसतं, बांधावर बाजूला उभं राहिलं की दुसरंच दिसतं. म्हणून बाजूने पाहणाऱ्याला रंग फिके वाटतात. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर पडलेले असतात आणि तसेच पडल्या पडल्या फिरतात, घड्याळाच्या काट्यांसारखे. घड्याळाकडे कोपऱ्यातून पाहिलं तरी वेळ कळतेच ना! तसं इथे चित्र बाजूनेही बरंचसं तेच राहतं. तोटा असा की थोडा उजेड निसटत राहतो आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. आकड्यांत सांगायचं तर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळा यांचं गुणोत्तर आयपीएसमध्ये साधारण १०००:१ च्या आसपास असतं, व्हीएमध्ये ३०००:१ किंवा त्याहून जास्त.

मग क्यूएलईडी काय? तोही एलसीडीच. मागच्या प्रकाशात पुंज-बिंदूंचा थर घातलेला असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा जास्त शुद्ध मिळतात. या पुंज-बिंदूंसाठीच २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह या तिघांना मिळालं. पण बाजूने चित्र कसं दिसेल, हे क्यूएलईडीच्या स्टिकरवरून कळत नाही. आत व्हीए आहे की आयपीएस, त्यावर ते ठरतं. मिनी-एलईडी म्हणजे मागचे दिवे खूप बारीक आणि वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त करता येणारे. ओएलईडी मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याला मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. चित्र अप्रतिम. पण महाग, आणि एकच स्थिर चित्र तासन् तास ठेवलं तर त्याची खूण राहू शकते. वर्गात मुळाक्षरांचा तक्ता अर्धा दिवस लावून ठेवणाऱ्या आम्हा लोकांचं ते काम नाही.

लोकवर्गणी जमली २८,५०० रुपये. कुणी हजार दिले, कुणी पन्नास. अशा पैशाची जबाबदारी स्वतःच्या पगारापेक्षा जड वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्याचा थोडा हातभार लागला. आमच्या रकमेत दुकानदाराने दोन टीव्ही समोर ठेवले. एक ५० इंची, क्यूएलईडीचं झगझगीत स्टिकर असलेला. दुसरा ४३ इंची, साधा दिसणारा. समितीतल्या एका काकांचं ठाम मत होतं की तेवढ्याच पैशात मोठा मिळत असताना लहान घेणं म्हणजे गावाला तोंड दाखवता येणार नाही.

मी आधीच शाळेत दोन पुठ्ठे कापून नेले होते. टीव्हीचे इंच म्हणजे कर्ण, हे आपल्याला माहीत आहे. लांबी-उंचीचं प्रमाण १६:९, म्हणजे पायथागोरस लावला की ४३ इंचीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर आणि उंची साडेत्रेपन्न येते. सातवी नसली तरी चौथीच्या मुलांनी पट्टीने मोजून हे पुठ्ठे केले. जुन्या ३२ च्या मानाने ४३ चं क्षेत्रफळ सुमारे १.८ पट भरतं, हे पाहून तीच थक्क झाली. पुठ्ठा भिंतीवर लावून त्यावर पाठ्यपुस्तकाच्या पानावर दिसेल त्या प्रमाणात ‘क्षितिज’, ‘दृष्टी’, ‘कर्तृत्व’ असे शब्द लिहिले, कारण इंग्रजीपेक्षा आपल्या जोडाक्षरांना आणि रफारांना जास्त जागा लागते. चष्मा असलेल्या मुलीला सर्वांत मागे बसवलं. बारा फुटांवरून तिने सगळं वाचलं. म्हणजे आमचा प्रश्न अंतराचा नव्हताच. मुलं बसकर पट्ट्यांवर अर्धवर्तुळात बसतात, पहिली-दुसरी एका टोकाला आणि चौथी दुसऱ्या. टोकाची मुलं स्क्रीनकडे पार तिरकी पाहतात. प्रश्न कोनाचा होता.

दुकानात जाताना मी त्या मुलाला आणि त्याच्या आईला सोबत नेलं. पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी होत्या: मुलांचे चेहरे असलेला सहलीचा फोटो, एक काळी पाटी आणि पाठाचं एक पान. त्याला सांगितलं, समोरून सुरुवात कर आणि भिंतीपर्यंत बाजूला सरकत जा, जिथे चित्र बदलेल तिथे थांब. ५० इंचीसमोर तो चारच पावलांत थांबला. "मॅडम, हिथनं चित्र धुतल्यावानी दिसतंय." ४३ इंचीसमोर तो पार कपाटाला टेकला तरी बोलला नाही. मग काकांनाही तसंच चालायला लावलं. त्यांनी दोनदा चालून पाहिलं आणि म्हणाले, "पोरगं बराबर सांगतंय." परत येताना नव्या टीव्हीचं खोकं जीपमध्ये मांडीवर धरून तोच बसला होता.

या निवडीची किंमतही सांगते. ग्रहमालेची फिल्म लावली की आकाश काळंभोर दिसत नाही, राखेसारखं दिसतं. ५० इंचीवर ते सुंदर दिसलं असतं. म्हणून पालकहो, तुमच्या घरी दोघं-तिघं समोरच्या सोफ्यावर बसून रात्री दिवे मालवून पाहत असाल तर बिनधास्त व्हीए घ्या. आजी दिवाणावर, पोरं जमिनीवर, आणि स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी डोकावणारं, असं घर असेल तर आयपीएस बरा. खोक्यावर पॅनलचं नाव सहसा नसतं, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत वेगळं पॅनल असू शकतं. त्यामुळे तुमच्या मापाचाच टीव्ही सुरू करून बाजूला चालून बघणं हीच खात्रीची परीक्षा. फोर-केचं फार मनावर घेऊ नका. ८३ लाख ठिपके असतात खरे, पण बारा फुटांवरून ४३ इंचीवर फुल एचडीचे २०.७ लाख ठिपके आणि हे, यांतला फरक फारसा दिसत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे मात्र बघा, वीजबिल शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातूनच जातं.

जुना सेट ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात दिला. २०२२ च्या नियमांनुसार ही जबाबदारी उत्पादकांवरही आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, भंगारवाल्याला देऊ नका. फुटलेलं पॅनल मुलांच्या हाती देऊ नका.

नवा टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला नाही. तिथे कुठलंही पॅनल असतं तरी मुलांना स्वतःचंच तोंड दिसलं असतं. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर, खाली बसलेल्या मुलांच्या नजरेपेक्षा थोडासाच वर टांगला आहे. दुकानातली भडक सेटिंग काढून घरगुती मोड ठेवला. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो म्हणून स्टॅबिलायझर आहे. आभाळ भरून आलं की प्लग काढायचा. ते काम सध्या चौथीच्या वर्गाकडे आहे आणि मोठ्या माणसाला हाक मारूनच ते करायचं असा नियम त्यांनीच फळ्यावर लिहून ठेवला आहे.