कॉर्कच्या टेकडीवरील कारखाना

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी दोन फाट्यांत विभागते आणि काही अंतरावर पुन्हा एक होते. या दोन फाट्यांमधील बेटावर कॉर्क शहराचा गाभा वसला आहे. शहराच्या आयरिश नावाचा अर्थच मुळी दलदल असा आहे. २०२२ च्या शिरगणतीनुसार वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. आपल्या इंदूरच्या मानाने हे एखादे उपनगरच म्हणावयाचे. पुतण्या तेथे नोकरीस असल्याने गेल्या उन्हाळी सुट्टीत तीन आठवडे तेथे राहण्याचा योग आला. दाराशी कढी-भाताचा वास आणि खिडकीबाहेर अखंड भुरभुर पाऊस, असे ते दिवस गेले.

नदीच्या उत्तरेस चढण लागते. चढणीवर शँडनचे सेंट ॲन हे १७२२ सालचे चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या दगडाच्या, तर दोन पांढऱ्या. मनोऱ्यावर चार दिशांना चार घड्याळे असून त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, म्हणून गावकऱ्यांनी त्याला 'चार तोंडांचा खोटारडा' असे लाडके नाव दिले आहे. शेजारीच लोण्याचा जुना बाजार आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आसपासच्या शेतकऱ्यांचे लोणी येथे येई, त्याची प्रत ठरे, आणि लाकडी पिंपांतून ते सातासमुद्रांपलीकडे जाई. १९२४ साली तो बाजार बंद झाला.

शहराच्या दुसऱ्या अंगास विद्यापीठ आहे. तेथे १८४९ साली जॉर्ज बूल हा गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून आला. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती; इंग्लंडात तो शाळा चालवीत असे. तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप देणारे त्याचे विचार आज प्रत्येक संगणकाच्या मुळाशी आहेत. त्याची पत्नी मेरी ही, ज्यांचे नाव हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला दिले गेले, त्या सर जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. एका शाळामास्तराने ज्या गावात हे कार्य केले, त्याच गावात पुढे संगणकांचा कारखाना यावा, हा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटला.

तो कारखाना शँडनच्याही वर, हॉलीहिल नावाच्या टेकडीवर आहे. दुमजली बसने नगरपालिकेच्या साध्या घरांच्या रांगांमधून चढत गेले की वस्ती संपता संपता ॲपल कंपनीच्या काचेच्या इमारती दिसू लागतात. परक्याला आत प्रवेश नाही. कुंपणाबाहेरून पाहावयाचे आणि खालच्या शहराकडे दृष्टी टाकून परतावयाचे. १९८० साली ही अमेरिकन कंपनी येथे आली, तेव्हा अवघी साठेक माणसे कामाला होती. आज हा आकडा सहा हजारांच्या घरात असून युरोपातील कारभाराचे मुख्य केंद्र येथेच आहे. मधला काळ सुखाचाच गेला असे नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस जुळणीचे बरेच काम अन्यत्र गेले आणि शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तरी कंपनी टिकली.

टिकली, या शब्दाचे मोल कॉर्ककरांना विशेष आहे. हेन्री फोर्ड यांचे वडील याच परगण्यातील एका खेड्यातून अमेरिकेस गेले होते. मुलाने १९१७ साली बापाच्या भूमीत, नदीच्या धक्क्यावर, कारखाना उभारला. प्रथम ट्रॅक्टर, मग मोटारी. बापानंतर लेक त्याच फाटकातून आत जाऊ लागला. पुढे शेजारी डनलॉपचा टायरांचा कारखाना आला. १९८३ मध्ये डनलॉप बंद झाले आणि १९८४ च्या जुलैत फोर्डही. त्याच वर्षी बंदरातील जहाजबांधणीची गोदीही बंद पडली. गिरणीचा भोंगा थांबल्यावर गल्ल्या कशा मुक्या होतात, हे इंदूरकरांना सांगावयास नको. त्या पडत्या काळात टेकडीवरचा हा नवा कारखाना चालू होता. या गोष्टीचा विसर पडला तर पुढील कथा अनाकलनीय वाटेल.

कथा अशी. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात युरोपीय आयोगाने निर्णय दिला की आयर्लंडने ॲपलला करात अवैध सवलत दिली असून २००३ ते २०१४ या काळातील १३ अब्ज युरो व्याजासह वसूल करावेत. कंपनीच्या आयर्लंडमधील उपकंपनीत युरोपभरच्या विक्रीचा नफा जमा होई. परंतु त्यातील बहुतेक भाग एका 'मुख्य कचेरी'च्या नावे दाखविला जाई. या कचेरीला इमारत नव्हती, नोकर नव्हते, देशही नव्हता. आयोगाच्या हिशेबानुसार २०११ साली सुमारे १६ अब्ज युरो नफ्यापैकी केवळ ५ कोटींच्या आसपास रक्कम करपात्र धरली गेली. २०१४ साली कराचा प्रत्यक्ष दर ०.००५ टक्के, म्हणजे दहा लाखांमागे पन्नास युरो, इतका खाली आला होता. शँडनच्या चढणीवरील खाटकाचे दुकान कंपनी म्हणून नोंदलेले असेल, तर त्याला नफ्यावर साडेबारा टक्के भरावे लागत.

देशाच्या आरोग्यखात्याच्या वर्षभराच्या खर्चाएवढी ही रक्कम. तरीही आयर्लंडच्या सरकारने ती आपणास नको म्हणून न्यायालयात धाव घेतली! घरी आलेली लक्ष्मी दाराबाहेर उभी करणारा यजमान जगाने प्रथमच पाहिला. पैसा एका त्रयस्थ खात्यात ठेवण्यात आला. ते काम २०१८ मध्ये पुरे झाले, तेव्हा पंतप्रधानपदी होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातील वराड गावच्या घराण्यातील डॉक्टर अशोक वराडकरांचे चिरंजीव. २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. परंतु १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून आयोगाचा निर्णय कायम केला. व्याज धरून सुमारे १४ अब्ज युरो आयर्लंडला घ्यावेच लागले. पाणी, वीज, घरे आणि वाहतूक यांवर ही रक्कम खर्च करण्याचे सरकारने ठरविले.

सरकारच्या नकाराला बाहेरच्यांनी लाचारी म्हटले. मला त्यात फोर्डच्या बंद फाटकाची आठवण दिसते. पाहुण्याला बिल दाखविले तर तो उठून जाईल, ही धास्ती ज्याने एकदा पाहुणा गमावला आहे त्यालाच कळते. मात्र धास्ती समजली म्हणून ती योग्य ठरत नाही. अमूर्त कचेरीच्या नावाने जो पैसा बारा वर्षे दडला, त्यातून किती इस्पितळे नि घरे उभी राहिली असती! आणि निकाल लागून पैसा वसूल झाला, तरी कारखाना आपल्या जागी आहे.

तो का राहिला, याचे उत्तर केवळ कराच्या दरात शोधू नये. १९६७ पासून आयर्लंडने माध्यमिक शिक्षण मोफत केले. गावोगावची मुले, ज्यांचे आजे-पणजे दुष्काळात बोटीत बसून परदेशी गेले होते, ती शाळेत बसू लागली. १९८० मध्ये कंपनीला जे हात नि जी डोकी मिळाली, ती या शाळांतून घडलेली होती. करसवलत दुसरा देशही देऊ शकतो. पिढी घडवावयास मात्र वेळ लागतो. एका मुख्याध्यापकाने हे म्हणावे यात पक्षपात आहे खरा, पण हिशेब खोटा नाही.

चिंता संपली आहे असेही नाही. आज आयर्लंडच्या कंपनीकरापैकी निम्म्याहून अधिक रक्कम जेमतेम दहा कंपन्यांकडून येते. त्यातील दोन जरी उठून गेल्या तर काय, हा प्रश्न तेथील वृत्तपत्रे वारंवार विचारतात. दुसरीकडे, एके काळी माणसे निर्यात करणाऱ्या या देशात २०२२ च्या शिरगणतीनुसार ४५ हजारांवर भारतीय नागरिक राहत आहेत. संध्याकाळी नदीकाठी फिरताना मराठी बोल कानी पडले, तेव्हा पिढ्यानपिढ्या परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना ते काही परके वाटू नयेत. चाकरीसाठी आलेला माणूस हळूहळू गावचा होतो. कंपनी गावची होते की नाही, याची परीक्षा कॉर्कने एकदा पाहिली आहे.

शहराच्या बोधचिन्हावर दोन मनोऱ्यांमधून आत शिरणारे गलबत आहे आणि खाली लॅटिन ब्रीद आहे. त्याचा आशय, हे गलबतांसाठी विश्वासाचे बंदर आहे, असा. बंदराने गलबताला आसरा द्यावा. परंतु धक्क्याचे भाडे मागताना संकोच करू नये. गलबते येतील, जातील. धक्का आपला आहे आणि तो बांधणारी माणसेही आपली आहेत, एवढे भान कॉर्कला या खटल्याने दिले असेल, तर ते १४ अब्जांहून मोलाचे.