विंचू, बगळा आणि यक्कू

यंदा मे महिन्यात चार दिवस माहेरी जाऊन आले. माहेर म्हणजे दहिवली. कर्जत स्टेशनाहून उल्हास नदीचा पूल ओलांडला की आलं आमचं गाव. घर तेच आहे, फक्त कौलं जाऊन वर पत्रे आलेत आणि अंगणातल्या रायवळ आंब्याची सावली निम्मी झालीय. यंदा खोपोलीहून दादाही (म्हणजे आतेभाऊ, पण आम्ही त्याला दादाच म्हणतो) त्याच्या लेकीला घेऊन आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमरस-पुरी खाऊन मोठी माणसं आडवी झालेली. एवढ्यात माजघरातून भांडणाचा आवाज. माझा भाचा आणि दादाची लेक, वय वर्षं तेरा आणि चौदा. मला वाटलं मोबाईलवरून जुंपली असेल. पण नाही! भांडण होतं हॅरी पॉटरच्या एल्डर वाँडवरून. शेवटच्या पुस्तकात हॅरी त्या कांडीने आधी आपली मोडलेली कांडी सांधून घेतो आणि ती बलाढ्य कांडी डंबलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. २०११च्या सिनेमात मात्र तो तिचे सरळ दोन तुकडे करून फेकून देतो. भाचा सिनेमाच्या बाजूने, भाची पुस्तकाच्या. "कांडीचे नियम तुला माहीतच नाहीत," असं ती त्याला ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही फिस्सकन हसलो.

कारण तीस वर्षांपूर्वी, त्याच माजघरात, अगदी त्याच आवाजात आम्ही दोघं भांडायचो. आमचा हॅरी पॉटर म्हणजे 'चंद्रकांता'.

तुमच्यापैकी ज्यांनी १९९४ ते १९९६ मधले रविवार दूरदर्शनसमोर घालवले असतील त्यांना जास्त सांगायला नकोच. त्या जाडजूड भुवयांचा क्रूरसिंग आणि त्याचं ते 'यक्कू'! आमच्या शाळेत सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा कुणीतरी 'यक्कू' करायचंच. पंकज धीरचा शिवदत्त, मुकेश खन्नाचा जांबाज, आणि बद्रीनाथ अय्यार म्हणून इरफान खान (तेव्हा त्याचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं). दादा दर शनिवारी संध्याकाळी खोपोलीहून लोकलने येऊन मुक्काम ठोकायचा. त्यांच्याकडे टीव्ही होता, पण भांडायला माणूस नव्हतं!

तर भांडण असं. मी बारा वर्षांची, माझं म्हणणं की हे सगळं जादूचं आहे. तिलिस्म म्हणजे जादूची नगरी, अय्यार म्हणजे जादूगार. दादा पंधरा वर्षांचा. त्याचे वडील खोपोलीच्या टाटांच्या पॉवरहाऊसमध्ये. १९१५ सालापासून घाटावरचं पाणी पाइपांतून खाली सोडून वीज करणारं ते ठिकाण दादाने आतून पाहिलेलं होतं, त्यामुळे त्याला जगातली कुठलीही गोष्ट शेवटी एका चक्राशी आणि खटक्याशी येऊन थांबते असं वाटायचं. त्याचं म्हणणं, तिलिस्ममध्ये जादू-बिदू काही नाही, सगळी यंत्रं आहेत. पुस्तकात तसंच लिहिलंय.

आणि पुस्तकाचा साक्षीदार घरातच होता. आमचे अप्पा, म्हणजे माझे आजोबा.

अप्पा रेल्वेत होते. कर्जतला घाट चढवायला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, त्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या एका बनारसच्या सहकाऱ्याने त्यांना देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' वाचायला दिली आणि ती कधी परत मागितलीच नाही. खत्रींची ही कादंबरी १८८८ची. ती वाचण्यासाठी त्या काळी कितीतरी लोक हिंदी शिकले असं म्हणतात. आमचे अप्पाही त्यातलेच, जरा उशिराचे. ते हिंदी बोलायचे ते थेट विजयगढच्या दरबारातलं. भाजीवाल्या भय्याला 'कहो जी' म्हणायचे!

मालिका बघताना अप्पांची टिप्पणी चालू असायची. "हा जांबाज पुस्तकात नाहीच." "हे विषपुरुष वगैरे यांनीच घुसडलंय." आणि कुणी हवेतून प्रकट झालं की खुर्चीतच हात झटकायचे. त्यांच्या मते खत्रींनी एकच नियम पाळला होता: अय्यार हा माणूस आहे. त्याच्या बटव्यात वेषांतराचं सामान असतं, बेशुद्ध करायची पूड असते आणि शुद्धीवर आणायला लखलखा असतो. बाकी सगळी हुशारी. तिलिस्म म्हणजे जुन्या कारागिरांनी खजिना राखायला केलेली रचना. खत्रींकडे काही काळ चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका होता, तिथली मोडकी गढ्या-देवळं हिंडताना त्यांना हे सुचलं, असंही अप्पा सांगायचे.

माझा हुकमी एक्का होता तो बगळा. चुनारगढच्या खंडहरातला तो दगडी बगळा चंद्रकांतेला गिळतो, मग चपलेलाही गिळतो. "दगडाचा पक्षी माणूस गिळतो ही जादू नाही तर काय?" यावर अप्पा शांतपणे म्हणायचे, "थांब, चौथ्या भागात त्याचं पोट उघडून दाखवलंय." आणि खरंच, कादंबरीच्या शेवटाकडे त्या बगळ्यामागची कळ उलगडून सांगितली आहे.

पण माझाही दुसरा मुद्दा होता, आणि तो आजही मला तगडा वाटतो. जगन्नाथ ज्योतिषी! तो रमलाचे फासे टाकतो आणि लपलेला माणूस कुठे आहे ते सांगतो. यात कुठलं चक्र आणि कुठला खटका? दादा यावर गप्प व्हायचा. अप्पा म्हणायचे, "तेवढं एक खत्रींनी सोडलंय."

कॉलेजात असताना मला कळलं की हा वाद आमच्या माजघराहून पुष्कळ जुना आहे. अय्यार आणि तिलिस्म हे शब्द खत्रींना मिळाले ते दास्तानांतून. अमीर हमजाच्या दास्तानमधला 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून उर्दूत छापायला घेतला होता, म्हणजे 'चंद्रकांता'च्या अवघी पाच वर्षं आधी. तिथे जादू आहे ती अस्सल, अफरासियाब नावाचा जादूगारांचा बादशहाच आहे. खत्रींनी त्याच तिलिस्ममधली जादू काढून टाकली आणि जागोजागी यंत्रं बसवली. शंभर वर्षांनी दूरदर्शनवर जादू पुन्हा आत आली. म्हणजे मी न वाचताच मूळच्या मूळ ग्रंथाच्या बाजूने भांडत होते म्हणायचं! दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पण त्या दास्तानमध्येसुद्धा अमर अय्यार हा जादूगार नाहीच, तो जादूगारांना फसवतो. बरोबर आहे त्याचं. (फक्त त्याच्याकडे जंबील नावाची पिशवी असते, तिच्यात अख्खी दुनिया मावते. ती कुठल्या दुकानात मिळते ते दादाने सांगावं.)

आमच्या तालुक्यात राहून तिलिस्मवर विश्वास न ठेवणं तसं कठीणच. आंबिवलीवरून कोथळीगडावर गेलात तर सुळक्याच्या आतून, अखंड कातळ पोखरून काढलेल्या पायऱ्या वर जातात. मी दहा वर्षांची असताना बाबांबरोबर पहिल्यांदा तिथे शिरले, तेव्हा वर उजेडाचा तुकडा दिसेपर्यंत मनात बगळाच होता. सांडशीच्या बाजूने ढाकच्या बहिरीला जायची मला कधी छाती झाली नाही, पण तिथल्या गुहेतल्या टाक्यात भांडी असतात, ती घ्यावीत, स्वयंपाक करावा आणि घासूनपुसून परत ठेवावीत, हा तिथला नियम आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नियम मोडला तर काय होतं, हे मात्र जो तो वेगळं सांगतो.

असो. हे सगळं लिहिलं ते खरं तर एका रविवारबद्दल लिहायचं होतं म्हणून. इतकी वर्षं टाळत आले.

अप्पा विंचू उतरवत. म्हणजे माझ्या जन्माआधी उतरवत. दहिवलीतूनच नाही, पार डोंगराखालच्या ठाकूरवाड्यांतून माणसं यायची असं आजी सांगायची. अप्पा राख घेत, कडुलिंबाचा डहाळा फिरवत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. पैसे कधी घेतले नाहीत. मग एकाएकी त्यांनी ते बंद केलं. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

१९९५चा मे असावा. मालिका चालू, आमचं भांडण चालू. दादा नेहमीचंच म्हणाला, जगात जादू नसते, अप्पाच म्हणतात. मला हरायचं नव्हतं. मी अप्पांकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "मग तुम्ही विंचू उतरवायचात ते काय होतं? त्याच्यातली कळ दाखवा की."

आजी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी दारात आली, तेवढं मला स्पष्ट आठवतं. अप्पा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि एपिसोड अर्धा टाकून नदीच्या बाजूला निघून गेले. दुपारी जेवायला आले ते नेहमीसारखे. मला रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, पानं पिवळी. मला शेजारी बसवून बगळ्याचं ते प्रकरण वाचून दाखवलं, एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगत. शेवटी म्हणाले, "हा माणूस शेवटी सगळं सांगून टाकतो बघ. काही लपवून ठेवत नाही." मला वाटलं, मी भांडणात हरले एवढंच ते सांगतायत.

अप्पा २००३ साली गेले. तेराव्याला आत्याने मला मागच्या पडवीत बसून सांगितलं. १९७४-७५ च्या सुमारास एका ठाकूरवाडीतलं पाच-सहा वर्षांचं पोर आणलं होतं. अप्पांनी नेहमीसारखा मंत्र टाकला. पोर रडायचं थांबलं, डंखाचं दुखेनासं झालं, अंगाला घाम सुटला. विष उतरलं म्हणून सगळे खूश झाले. बापाने त्याला खांद्यावर घातलं आणि वाडीवर परत नेलं. पहाटे निरोप आला. अप्पा तसेच चालत वाडीवर गेले. तिथे काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर दारात कुणी आलं की स्वतः टांग्याचे पैसे देऊन दवाखान्यात पाठवायचे.

विंचवाबद्दल मी नंतर जमेल तेवढं वाचलं. दिसायला भयंकर असते ती मोठी काळी इंगळी, पण ती बहुतेक वेळा नुसती दुखते, आणि ते दुखणं काही तासांत आपलं आपण ओसरतं. म्हणून मंत्र 'लागू पडतो'. जीवघेणा असतो तो लहानसा तांबडा विंचू. आणि त्याचं विष ज्याला अंगभर भिनतं, त्याला डंखाच्या जागी फारसं दुखतच नाही. दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, आणि पुढे फुप्फुसात पाणी होतं. म्हणजे अप्पांनी ज्याला उतार समजला ती चढण होती. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७६ पासून हे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी बातमीचं कात्रण कापून त्या पुस्तकात ठेवलं. पुस्तक आता माझ्याकडे पुण्यात आहे.

अप्पांनी तो मंत्र कुणाला दिला नाही. ग्रहणात द्यायचा असतो म्हणे. बाबांनी एकदा मागितला होता, केवळ घराण्याची आठवण म्हणून. "त्यात काही नाही," एवढंच म्हणाले.

तर त्या दुपारी पोरांचं भांडण मिटलं आणि अंगणात चहा घेताना मी दादाला पहिल्यांदाच विचारलं, तो रविवार तुला आठवतो का, मी अप्पांना बोलले तो? दादा म्हणाला, हो, आठवतो की. पण तू बोललीस म्हणून काही ते उठले नाहीत. वीज गेली होती. वीज गेली की ते नेहमीच नदीवर जायचे.

मी म्हटलं, वीज गेली नव्हती. क्रूरसिंग पडद्यावर होता, मला दिसतोय अजून.

दादा म्हणाला, गेली होती. मी स्वतः बाहेर जाऊन शेजाऱ्यांकडे आहे का बघून आलो.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, खुर्चीत बसून ऐकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, त्या रविवारी तर मी इथे नव्हतेच. आणि भाचीला म्हणाली, जा गं, आतून बिस्किटं आण.