मॅच सुटल्यावर जेवायचं कुठं?

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला दोन टाईमटेबलं तोंडपाठ असतात. एक सबमिशनचं अन् दुसरं मेसचं. (खरं सांगायचं तर फक्त दुसरंच.) रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी, आणि आमच्या मॅचेस नेमक्या रविवारी. त्यामुळे टॉस जिंकला की हरला यापेक्षा मॅच सुटल्यावर जेवायचं कुठं, या प्रश्नावर आमच्या टीममध्ये जास्त भांडणं झाली. ज्युनिअर मंडळींचे हाल होऊ नयेत म्हणून हा अनुभव लिहून ठेवतोय.

आमखास मैदानावर टेनिस बॉलची मॅच खेळून हॉस्टेलकडे निघालं की जामा मशीद, बुढ्ढीलेन, सिटी चौक, गुलमंडी, पैठण गेट, क्रांती चौक आणि शेवटी उस्मानपुरा असा रस्ता आहे. या रस्त्यावर उपाशी मरणं अवघड आहे. बुढ्ढीलेनच्या बाजूला नान-खलिया. मातीच्या मोठ्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला, हळदीने पिवळा झालेला नान आणि वर तरी आलेला मटणाचा खलिया. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराला एकाच वेळी जेवू घालायला हा पदार्थ निघाला असं सांगतात. हॉस्टेलची पोरं ज्या वेगाने तो संपवतात ते बघितलं की लष्कराची गोष्ट पटते. मी स्वतः माळकरी, त्यामुळे खलियाचं सगळं ज्ञान ऐकीव. मी कोरडा नान चहात बुडवून खातो, त्यावर टीमने माझी यथेच्छ टिंगल केलेली आहे.

पुढे गुलमंडीला ‘उत्तम’ची इम्रती. दिसायला जिलेबीची बहीण, पण जिलेबी मैद्याची अन् ही उडदाच्या डाळीची, त्यामुळे दोन खाल्ल्या तरी पोटाला कळतं. जिंकलो तर इम्रती, हरलो तर क्रांती चौकात गाडीवरचा वडापाव, असा आमचा नियम होता. इम्रती फारशी खाल्ली नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे!

आता मार्च २०२५ मधल्या त्या रविवारबद्दल. रमजान चालू होता. आमचा किपर परभणीकडचा, तीसही रोजे करणारा. मी कॅप्टन. मॅच दुपारी दोनची. ऊन असं की ग्लोव्हज काढले तर आतून वाफ निघावी. मी त्याला सकाळीच म्हणलं होतं, “आज राहू दे, दुसरा उभा करतो.” तो म्हणाला, “का बे, माझ्याइतका खाली बसणारा कोण आहे तुझ्याकडं?” खरंच कोणी नव्हतं.

शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना चार रन पाहिजे होते. चौथ्या बॉलला त्यांचा सेट झालेला बॅट्समन अर्ध्या पिचवर अडकला. थ्रो सरळ किपरच्या हातात आला अन् सुटला. पुढच्या बॉलला त्याच बॅट्समनने फोर मारला. संपलं.

मी नको ते बोललो. सगळ्यांसमोर म्हणलं, “झेपत नव्हतं तर उभं राहायचं कशाला?” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पाण्याची बाटली घेतली, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो अन् अर्धी बाटली घटाघटा प्यालो. तहान लागली होती हे खरं. पण मैदान एवढं मोठं असताना मी तिथंच जाऊन प्यालो, हेही खरं. तो काही बोलला नाही. भिंतीला टेकून ग्लोव्हजचे पट्टे सोडत बसला.

रोजा सुटायला अजून पाऊण तास होता. भूक सगळ्यांना लागलेली. एकाने बिस्किटांचा पुडा काढला, किपरकडं बघितलं अन् परत बॅगेत टाकला. कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी कोणीच हललं नाही. शेवटी तोच उठला. “चला, आज मी घेऊन जातो. वडापाव रोजचाच आहे.”

बुढ्ढीलेनला दिवसभर पडदे ओढून बसलेली हॉटेलं तेव्हा मांडामांड करत होती. खजुरांचे ढीग, कापलेलं टरबूज, कढया तापलेल्या. आम्हाला एका बाकड्यावर बसवून तो भजीवाल्याकडे गेला. तिथून त्याचा आवाज ऐकू येत होता. कांदाभजीची कढई वेगळी आहे का, त्यात दुसरं काही तळलं का, झारा कुठला. भजीवाला वैतागला. यानं पुन्हा तेच विचारलं. मग प्लेट घेऊन आला, माझ्यासमोर ठेवली अन् म्हणाला, “तुझं वेगळं आहे. विचारून आणलंय.”

तेवढ्यात अजान झाली. त्याने एक खजूर तोंडात टाकला, मग पाण्याचे तीन ग्लास लागोपाठ. मी भज्यांकडे बघत बसलो. आमच्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात. मी तर एकादशीला मेसचा साबुदाणा दोनदा घेणारा माणूस. घशाखाली पहिलं भजं उतरायला वेळ लागला.

बाकीच्यांनी नान-खलियावर आडवा हात मारला. रिक्षाने उस्मानपुऱ्याला आलो. ‘तारा पान’ला, जिथल्या हजारोंच्या ‘कोहिनूर’ पानाच्या बातम्या येतात, आम्ही अर्थातच सगळ्यात स्वस्त मिठं पान घेतलं. त्या दिवशी अकराही पानांचे पैसे मी दिले. “कॅप्टन हरल्यावर पार्टी देतो व्हय?” असं कोणीतरी विचारलं. किपर हसला. “सॉरी” मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही, ना तेव्हा, ना नंतर नेटमध्ये रोज भेटताना. हा अंक त्याच्या हातात पडेल, तेव्हा बघू.

तर ज्युनिअर मित्रहो, टीममध्ये कोणी माळकरी असेल तर रमजानच्या दिवसांत त्या भजीवाल्याकडे जरूर जा. कढई वेगळी आहे का, एवढं मात्र एकदाच विचारा.