गोंदण कुणाचं

यावल-रावेरच्या केळीच्या बागांत कामाला येणाऱ्या भिल्ल आणि पावरा म्हाताऱ्यांचे हात मी निरखत राहते. मनगटापासून कोपरापर्यंत ठिपक्यांच्या हिरवट ओळी. काहींच्या कपाळावर, हनुवटीवरही. केळीच्या चिकानं लुगडं कायमचं डागाळतं, त्या चिकाखालीही गोंदण लख्ख असतं.

अशाच एका आजींना विचारलं, दुखलं नव्हतं का? "दुखलं ना. पण वर जाताना दुसरं काय सोबत येतं?" अंगावरचे डागडागिने लेकी-सुना उतरवून घेतात, गोंदण कुणाला काढून घेता येत नाही. माझी आजीही हेच सांगायची. तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. सुयांची जुडी, दिव्याची काजळी, वरून हळद. पोर रडायची, चार बायका तिला धरून बसायच्या, गोंदणारणीला पायलीभर दादर ज्वारी मिळायची. त्या चौघींच्या साक्षीनं पोर बायकांत जमा व्हायची.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली पोरं आता पुण्याहून 'ट्रायबल' टॅटू काढून येतात. कुठल्या जमातीचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पुष्कळदा ती न्यूझीलंडच्या माओरींच्या मोको गोंदणाची नक्कल असते, आणि मोकोत तर माणसाची वंशावळ असते. 2011 मध्ये बॉक्सर माइक टायसनच्या चेहऱ्यावरच्या मोकोसारख्या टॅटूची नक्कल 'हँगओव्हर 2' या सिनेमात दिसली, म्हणून तो काढणाऱ्या अमेरिकन कलाकारानं निर्मात्यांवर दावा लावला. तेव्हा माओरींकडून प्रश्न आला, ही नक्षी मुळात तुझी कधी झाली? दावा आपसात मिटला. माओरींचा प्रश्न तसाच राहिला.

मला जास्त टोचतं ते इथलं. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पावरा मुली हनुवटीवरचे ठिपके ओढणीनं झाकतात. वर्गात कुणीतरी हसलेलं असतं. तसलेच ठिपके शहरातल्या मुलीच्या मनगटावर आले की त्यांचं कौतुक होतं. सैन्यभरतीच्या नियमांत टॅटूवर कडक बंधनं आहेत, पण रूढीप्रमाणे गोंदलेल्या आदिवासींना त्यातून सूट आहे. परंपरा आणि हौस यांतला फरक सैन्याला कळतो, तर कॉलेजातल्या गुरुजींनी तो वर्गात सांगायला काय हरकत आहे?

ज्यांना ही नक्षी मनापासून आवडते, त्यांनी होळीआधी सातपुड्यात भोंगऱ्याच्या बाजाराला जावं. एखाद्या आजीशेजारी बसून हातावर काय आहे, कुणी गोंदलं, आम्ही घेतलं तर चालेल का, असं विचारावं. ती नाही म्हणाली तर हात कोराच घेऊन यावं.