अकरा नावांच्या बाहेर

सकाळी दार उघडलं तर ओसरीवर शाळेचे पॅड ठेवलेले. स्वच्छ धुतलेले, पट्टे नीट गुंडाळून आत खोवलेले. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही.

आदल्या दिवशी परभणीला जाणाऱ्या संघाची यादी मी ऑफिसच्या भिंतीला डकवली होती आणि फॉर्मांवर सही-शिक्का घ्यायच्या गडबडीत निघून गेलो होतो. दोन वर्षं सलामीला खेळणाऱ्या एका पोराचं नाव त्यात नव्हतं. बाहेर निघणाऱ्या चेंडूला त्याचा पाय जागचा हलायचा नाही. टेनिस बॉलवर ते खपून जायचं. मॅटिंगवर लेदरचा चेंडू आला की कड लागून थेट स्लिपमध्ये. कारण एवढंच होतं, पण ते माझ्या डोक्यात होतं. त्याला ते कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं आपलं आपण एक शोधलं: सरांना मी आवडत नाही. पाथरीच्या मैदानावर तो पुन्हा दिसला नाही.

आमच्या भागात यादी म्हणजे नुसता कागद नसतो. जालन्याचा विजय झोल २०१४ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार होता. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या युवा विश्वचषकात उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. त्यामुळे भिंतीवरचा कागद वाचणाऱ्या प्रत्येक पोराला पुढचा रस्ता दिसत असतो, किंवा बंद झालेला दिसतो.

त्या पॅडनंतर मोठ्या संघांतल्या भांडणांच्या बातम्या मी एकाच प्रश्नानं वाचतो: जे बोलायचं होतं ते ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोललं गेलं का? २००५ मध्ये झिंबाब्वेहून ग्रेग चॅपेल यांनी सौरव गांगुलीबद्दलची आपली मतं ईमेलनं बोर्डाला कळवली. ईमेल फुटला आणि प्रशिक्षकाला कर्णधाराबद्दल काय वाटतं ते सगळ्या देशानं पेपरात वाचलं. २०१७ मध्ये अनिल कुंबळे प्रशिक्षकपदावरून पायउतार झाले. कर्णधाराला आपल्या कार्यशैलीबद्दल आक्षेप आहेत हे बोर्डाकडून आदल्या दिवशी पहिल्यांदाच कळलं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. वर्षभर एका ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या दोन माणसांमधली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून!

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते २०१८ नं. महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मिताली राजनं पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं काढली होती. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ती बाहेर बसली. भारत ११२ वर आटोपला, सामना आठ गड्यांनी गेला. मग पत्रं निघाली. प्रशिक्षक आपल्याला टाळतात, असं मितालीनं बोर्डाला लिहिलं. ती अलिप्त राहते, सलामीसाठी अडून बसते, असं प्रशिक्षक रमेश पोवार यांच्या अहवालात आलं. दोघंही बोर्डाशी बोलत होते. पोवार यांची मुदत वाढली नाही.

लोक म्हणाले, स्वभाव जुळले नाहीत. पण २०२१ मध्ये पोवार परत आले, मिताली एकदिवसीय संघाची कर्णधार होतीच, आणि त्याच वर्षी मॅके इथं या दोघांच्या संघानं ऑस्ट्रेलियाची सलग २६ एकदिवसीय विजयांची मालिका तोडली. माणसं तीच, स्वभावही तेच. म्हणून ‘स्वभाव जुळले नाहीत’ हे उत्तर मला आळशी वाटतं. मीही माझ्या त्या पोराबद्दल हेडमास्तरांना तेच सांगितलं होतं: जरा तापट आहे.

यादीबाहेर राहणं म्हणजे काय हे अमोल मुझुमदारला कुणी शिकवायला नको. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा शारदाश्रम शाळेकडून पॅड बांधून वाट बघत बसलेला तो. पुढं प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही. २०२३ मध्ये तो महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात सलग तीन सामने गेले. इंग्लंडविरुद्धचा तर हातातला, चार धावांनी. त्या रात्री त्यानं खेळाडूंना चांगलंच सुनावलं. त्याच्या बोलण्याचा राग कुणाला आला नाही, असं कर्णधार हरमनप्रीतनं नंतर सांगितलं. त्या सामन्यात गोलंदाजी वाढवण्यासाठी बाहेर बसवलेली जेमिमा रॉड्रिग्ज पुढच्याच सामन्यात परतली आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना नाबाद १२७ वर उभी होती. त्या दिवशी मुझुमदारनं फळ्यावर लिहिलं होतं ते इतकंच: त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक आपला झाला.

जिंकलं म्हणून पद्धत बरोबर, असं मी म्हणणार नाही. एखादा झेल सुटून हरलो असतो तर याच सुनावण्यावर टीका झाली असती. पण सुनावलं ते समोर बसवून. पत्र लिहून नाही.

आता यादी लावायच्या आदल्या संध्याकाळी मी बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला लिंबाखाली बसवून कारण सांगतो. सोपं नसतं. यंदा एका मुलीला सांगितलं, तुझा पुढचा पाय उशिरा पडतो. ती म्हणाली, “सर, मग हे जूनमध्येच का नाही सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कापसाची वेचणी आटोपून थेट मैदानावर आली, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली, आणि म्हणाली, “पाय बघा.”

अंधार पडेपर्यंत टाकले तिला चेंडू. पॅड तिच्याच घरी आहेत.