दुधनीच्या अंगणातील लेझीम

वाचकहो, सोलापूरहून कलबुर्गीकडे निघालेली गाडी अक्कलकोट रोड मागे टाकून दुधनीला येते. पुढे कर्नाटकाची हद्द. तुरीच्या या बाजारपेठेत मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर नांदतात.

तेथे मी एका जुन्या रुग्णाला भेटावयास गेलो होतो. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. मुलांना लेझीम शिकविण्यात त्यांची हयात गेली. न्हाणीघरात पाय घसरला. हाड शाबूत राहिले, पण धीर खचला. घरच्यांनीही मायेपोटी त्यांना बाजेवरून उठू दिले नव्हते. दोन महिन्यांत मांड्या वाळल्या होत्या.

अंगणात नातू लेझीम घेऊन चुकतमाकत नाचत होता. आजोबा बाजेवरूनच गरजले, "चार आवाज! पाय चुकला रे!" नातू म्हणाला, "मग तुम्हीच दाखवा ना, आजोबा." चौकट धरून ते उठले. मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो.

इंग्लंडच्या पारंपरिक लोकनृत्यांत समोरासमोरच्या रांगांतून जोड्या नाचतात आणि पुढची चाल एक जण आधीच पुकारतो. सेसिल शार्प यांनी १९११ मध्ये या नृत्यांच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. तेथे पुकारणाऱ्याला स्वतः नाचावे लागतेच असे नाही. चाल ध्यानात असली की पुरे. आपल्या वृद्धांनाही हा मान का देऊ नये?

तालावर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेताना डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय मिळून तोल सांभाळतात. क्रम आठवताना मेंदूही राबतो. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. नृत्यामुळेच तो टळतो, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. प्रथम भक्कम खुर्चीत बसून, मग तिची पाठ धरून पावले टाकावीत. लेझीम नको, रिकामे हात पुरेत. फरशी कोरडी असावी, जवळ कोणीतरी असावे. छातीत दुखले, भोवळ आली किंवा दम लागला तर तत्काळ थांबावे. छातीतील दुखणे बसूनही न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

आजोबांनी त्या दिवशी चारच पावले टाकली. निघताना त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, उद्या आठ टाकू का?" मी म्हणालो, "गुरुजी, उद्या पाच."

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना केवळ जपू नका. त्यांच्याकडून काही शिकूनही घ्या.